शेवटचा डबा दिसेपर्यंत

गाडी गेली, असं फाटकमास्तरांसमोर म्हणायची सोय नव्हती. इंजिन गेलं, डबे गेले, धुरळा खाली बसला, फाटकाशी खोळंबलेले सगळे मोटरसायकलींना किका मारायला लागले, तरी हे रुळांकडे तोंड करून उभेच. हातात गुंडाळलेला हिरवा झेंडा, मान उजवीकडे, डोळे बारीक केलेले. शेवटच्या डब्याच्या पाठीवरची पाटी दिसली की नियमाप्रमाणे काम झालं. पण यांना तो डबा वळणाआड दिसेनासा व्हायला लागायचा. मगच ते दांडा वर उचलायच्या चक्राला हात घालायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "शेवटचा डबा पाहिलात का तुम्ही? नाही ना? मग गाडी गेली कशावरून?"

माणसांच्या बाबतीतही त्यांचा हाच खाक्या. कुणी त्यांच्या खोलीवर चहाला आलं, की जाताना ते दाराशी येऊन उभे राहायचे आणि पाहुणा वळणाआड जाईपर्यंत हलायचे नाहीत. हात हलवणं नाही, 'या परत' नाही, नुसतं बघणं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "त्यांच्याकडं जायलाच नको वाटतं बाई. परत येताना चालच बिघडती." लग्न होऊन मी या वस्तीवर आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे मेथीची जुडी द्यायला गेले होते. परत निघाले तर अख्खी वाट पाठीवर त्यांचे डोळे. मला वाटलं, माणूस बरा नाही. घरी आल्यावर यजमानांना सांगितलं तर ते पोट धरून हसले.

आमची वस्ती नाशिकरोडच्या पुढे, निफाडच्या अंगाला. रुळांच्या अलीकडे आमची शेतं, झेंडू, शेवंती, कोथिंबीर, मेथी. आणि पलीकडे बाकीचं सगळं जग. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, स्मशान पलीकडे, नाशिकला जाणारा रस्ताही पलीकडेच. मधे फाटक. त्यामुळे आमच्या घरात काहीही ठरवायचं तर आधी फाटकाचा विचार. 'फाटक लागलं होतं' ही आमच्याकडची सगळ्यात जुनी सबब. पोरं शाळेत वापरायची, सुना माहेरून उशिरा आल्या की वापरायच्या, आणि माझे यजमान ती आजही वापरतात, फाटक जाऊन चार वर्षं झाली तरी.

फाटकमास्तर होते साधे गेटमन. 'मास्तर' ही पदवी वस्तीनं चेष्टेनं दिलेली, कारण ते येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवत असत. खोलीच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं. रोज सकाळी स्टेशनवरून फोनवर वेळ घेऊन ते घड्याळ लावायचे, आणि मग फाटकाशी थांबलेल्यांच्या मनगटांची तपासणी सुरू. "तुमचं तीन मिनिटं पुढे आहे." "मास्तर, घड्याळच बिघडलंय." "घड्याळ चुकत नाही. माणूस चावी द्यायला चुकतो, लावायला चुकतो, बघायला चुकतो. घड्याळाच्या नावावर ढकलू नका." माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, या छळाला कंटाळून शेवटी घड्याळ बांधायचंच सोडून दिलं.

बोलणंही तसंच, नोंदवहीत लिहिल्यासारखं. जेवलात का विचारलं तर सांगायचे, "बारा वाजून दहा मिनिटांनी. भाजी वांग्याची. शेरा काही नाही." हे ते विनोदानं म्हणत नसत. सुरुवातीला मी तोंडाला पदर लावून हसायचे. पुढे सवय झाली, आणि ज्या दिवशी ते 'शेरा : मीठ जास्त' म्हणाले त्या दिवशी मला त्यांची काळजी वाटली.

फाटकाला लागून एक दुमजली केबिन होती. खाली दगडी, वर लाकडी, तीन बाजूंनी काचेच्या खिडक्या. इंग्रजांच्या वेळची. वरच्या मजल्यावर माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या लोखंडी लिव्हर ओळीनं उभ्या असायच्या. त्यांना खालून तारा जोडलेल्या आणि त्या तारा रुळांच्या कडेनं थेट सिग्नलपर्यंत गेलेल्या. इथे लिव्हर ओढली की तिकडे दूर सिग्नलचा हात खाली पडायचा. त्या काळी इथे मालाचे डबे उभे करायला एक जादा रूळही होता आणि आसपासचा कांदा बैलगाड्यांनी येऊन इथे भरला जायचा. मास्तर तरुणपणी या केबिनमध्ये कामाला लागले. नंतर सगळे सिग्नल स्टेशनातल्या बटणांवर गेले, लिव्हर काढून नेल्या, जादा रूळ उखडला, केबिनला कुलूप लागलं, आणि मास्तरांना खालच्या फाटकावर नेमलं. "वरचा खाली आलो, एवढीच माझी बढती," असं ते म्हणायचे.

पण केबिनची किल्ली त्यांनी स्वतःकडेच ठेवली होती. दर गुरुवारी सुट्टीच्या वेळात ते वर जाऊन रिकामी केबिन झाडायचे. लिव्हर जिथे होत्या तिथे जमिनीत नुसत्या खाचा उरल्या होत्या, त्या खाचाही पुसायचे. एकदा मला आणि सासूबाईंना त्यांनी ती दाखवली. कुठल्या लिव्हरनं काय हलायचं ते खाचांकडे बोट दाखवून एकेक करून सांगितलं. त्यांच्याकडे एक जाड वही होती, तिच्यावर 'फाटकाची हकीकत' असं लिहिलेलं. फाटकावर आजवर कोण कोण होऊन गेलं ते सगळं तिच्यात. पूर्वी हे फाटक दोन पाखांचं, म्हणजे दोन दारांचं होतं, हातानं लोटायचं. एक गेटमन साप चावून गेला, तर त्याच्या बायकोला काम मिळालं आणि तिनं पदर खोचून वर्षानुवर्षं ती पाखं लोटली. फाटकाजवळचा कडुनिंब तिनं लावलेला. मास्तरांनी तिला पाहिलेलं नव्हतं, पण तिच्याबद्दल बोलताना ते उभे राहायचे. "त्या बाईच्या काळात एक चूक नाही," म्हणायचे. "एकसुद्धा."

त्यांच्या खांद्यावर सदैव एक फडकं असायचं. लिव्हर उघड्या हातानं धरायची नसते, घामानं लोखंड गंजतं, म्हणून केबिनमधली माणसं फडकं वापरत. लिव्हर गेल्या, फडकं राहिलं. चहाचा ग्लास फडक्यात, दाराची कडी फडक्यानं. एकदा दसऱ्याला आण्णांनी सोनं द्यायला हात पुढे केला, तर मास्तरांचा हात आधी खांद्याकडे गेला. आण्णा घरी येऊन म्हणाले, "त्यांना वाटलं मीबी गंजतो की काय!"

आता 'नंबर'चं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमचं फाटक सिग्नलला जोडलेलं नव्हतं. सगळा भरवसा फोनवर आणि माणसावर. गाडी यायची असली की स्टेशनवरून फोन यायचा. मास्तर दांडे खाली पाडून कुलूप घालायचे आणि मग फोनवर एक आकडा सांगायचे. गुप्त आकड्यांचा एक छापील कागद असायचा, त्यातला एक वापरला की तो खोडायचा. तो आकडा म्हणजे फाटक बंद आहे याचं वचन. त्या वचनावर स्टेशनमास्तर गाडी सोडणार, ड्रायव्हर भरधाव आणणार. एकदा नंबर दिला की गाडी निघून जाईपर्यंत देव आला तरी फाटक उघडायचं नाही. लोक शिव्या घालायचे, नवरदेवाचे मामा अंगावर यायचे, एका पुढाऱ्याच्या ड्रायव्हरनं तर कॉलर धरली होती. मास्तर एवढंच म्हणायचे, "नंबर दिलाय."

हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांची बायको गेली तेव्हा मी वस्तीवर येऊन वर्षच झालं होतं. तिरडी निघाली, पुढे मडकं धरून ते स्वतः. फाटकावर बदलीचा माणूस होता, त्यानं नंबर नुकताच दिला होता. तो बिचारा रडवेला होऊन म्हणाला, "मास्तर, उघडतो मी, दोन मिनिटांत होईल." मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. तिरडी खांद्यावर तशीच, आम्ही सगळे उन्हात, आणि समोरून मालगाडी, संपता संपेना अशी. मडक्यातला धूर त्यांच्या तोंडावर येत होता. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत त्यांनी पाहिला आणि मगच पाऊल उचललं. त्या दिवशी वस्तीतल्या बायका म्हणाल्या, काळीज नाही या माणसाला. मीही म्हणाले होते.

माझं पहिलं बाळंतपण दीड वर्षानं. दिवस भरायला अजून पंधरवडा होता, पण सकाळी कळा सुरू झाल्या आणि वस्तीवरच्या सुईणीनं हात लावून सांगितलं, बाळ पायाळू आहे, अडकलंय, हलवा लगेच. दवाखाना फाटकाच्या पलीकडे पाच मिनिटांवर. फुलांचे कॅरेट खाली फेकून यजमानांनी पिकअप काढली. मागे सतरंजीवर मी, माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर. पुढे यजमानांशेजारी आण्णा. फाटकाशी आलो तर दांडे खाली.

समोर एक ट्रॅक्टर, एक दूधवाला, दोनतीन मोटरसायकली. आण्णा उडी मारून खाली उतरले. मला मागून सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर, सुनेचं बाळ अडकलंय. उघडा."

"नंबर दिलाय, आण्णा. आधी एक्सप्रेस, तिच्या पाठोपाठ उलट्या बाजूनं मालगाडी. वीस-पंचवीस मिनिटं."

"तवर मरंल ती!"

 पावलं जवळ आली आणि पिकअपच्या मागच्या फळीवरून त्यांचं तोंड दिसलं. मी त्यांना काय म्हणाले ते मला आठवत नाही. सासूबाई सांगायच्या, मी म्हणाले, "मास्तर, तुमच्या बाईंना थांबवलंत, त्या गेलेल्या होत्या. मी अजून आहे." असं मी म्हणाले असेन यावर माझा विश्वास बसत नाही, पण सासूबाई मला खोटं सांगायच्या नाहीत.

त्यांचं तोंड नाहीसं झालं. मग चक्राचा कुरकुर आवाज. दांडे वर गेले. ट्रॅक्टरवाला पुढे घुसायला लागला तर मास्तर त्याच्यासमोर हात पसरून उभे राहिले आणि ओरडले, "फक्त ही गाडी! बाकी कुणी हललं तर माझ्या अंगावरून!" आम्ही रूळ ओलांडले. पलीकडे जाऊन शंभर पावलं झाली असतील नसतील, मागून एक्सप्रेसचा भोंगा आला आणि सगळी जमीन हादरली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला तशीच आत घेतलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी मुलगी झाली. बाई नंतर म्हणाल्या, अजून दहा मिनिटं गेली असती तर दोघींपैकी कुणाचंच खरं नव्हतं.

गाडीतल्या कुणाला काही दिसलं नव्हतं. स्टेशनला काही कळलं नव्हतं. फाटकाशी जे पाचसहा जण होते ते सगळे आमचेच. विषय तिथेच संपायला हवा होता. पण मालगाडी गेल्यावर मास्तरांनी दांडे वर केले, खोलीत गेले, नोंदवही उघडली आणि लिहिलं. ते वाक्य मी पुढे कानांनी ऐकलं, म्हणून पाठ आहे. "दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटे. नंबर दिल्यानंतर फाटक उघडून एक पिकअप सोडली. आत अडलेली बाई. उघडणारा : मी. शेरा : चूक जाणूनबुजून केली." एवढ्यावर न थांबता त्यांनी स्वतःच फोन करून स्टेशनला कळवलं.

चौकशी लागली. बातमी वस्तीवर आली तेव्हा मी न्हाऊन मुलीला शेक देत बसले होते. अंगणात सगळे जमले. आण्णा मधे.

"लय उपकार हायेत त्यांचे," आण्णा म्हणाले. "आपल्यापायी त्यांची नोकरी जाऊ द्यायची नाय."

"पण त्यांनीच लिहून दिलंय की," दूधवाला म्हणाला.

"लिहू दे. बायको गेल्यापासून एकटा माणूस हाय, लिहिलं असंल कायबी. आपण सगळ्यांनी एकच सांगायचं. फाटक बंद होतं. दोन्ही गाड्या गेल्यावर आपण गेलो. सगळं गाव एक बोललं तर कोण काय करतं?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. माझ्यावर कुणी बळजबरी केली नाही, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवते. मला तर वाटलं, ज्या माणसानं माझ्यासाठी शब्द मोडला, त्याच्यासाठी मी एक खोटं बोलू शकत नाही का? आमच्याकडे माणसाला वाचवायची रीत हीच. पोलीस येवोत, तलाठी येवो, वस्ती एका तोंडानं बोलते. तिनं आजवर किती जणांना तारलं होतं.

चौकशीचे साहेब आले ते फाटकाच्या खोलीतच बसले. खुर्च्या आमच्या घरून नेल्या होत्या. भला माणूस दिसत होता. मास्तर इस्त्रीच्या कपड्यात एका बाजूला उभे, खांद्यावर धुतलेलं फडकं. साहेबांनी नोंद मोठ्यानं वाचली आणि एकेकाला विचारलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, बंद होतं साहेब. दूधवाला म्हणाला, बंदच. आण्णा, यजमान, सासूबाई. प्रत्येक वेळी मास्तर त्या माणसाकडे नीट बघायचे, पाटी वाचल्यासारखे. शेवटी मी. मुलगी माझ्या मांडीवर होती.

"फाटक बंद होतं साहेब," मी म्हणाले. "गाड्या गेल्यावर गेलो आम्ही."

तेव्हा मास्तर पहिल्यांदा बोलले. "साहेब, एक प्रश्न विचारू? सूनबाई, मुलगी किती वाजता झाली?"

खोलीतलं घड्याळ तेवढं वाजत होतं. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मालगाडी फाटकावरून गेली होती अकरा वाजून आठ मिनिटांनी. ते त्याच वहीत, चार ओळी खाली लिहिलेलं होतं. मुलगी अकरा पाचची. गाड्या गेल्यावर आम्ही निघालो असतो, तर ती जगात आली तेव्हा आम्ही फाटकाच्या अलीकडेच असायला हवं होतं. एका वाक्यात सगळं उलगडलं असतं. डॉक्टरीणबाईंचा कागद माझ्या गादीखाली होता.

"ध्यानात नाही," मी म्हणाले. "मी शुद्धीत नव्हते."

मास्तरांनी मान खाली घातली. मला वाटलं, सुटले बिचारे. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनाही बहुधा नको होतं. वही मिटली. बाहेर येऊन आण्णांनी आणलेला शाल-नारळ लोकांनी मास्तरांना तिथेच, फाटकाशी दिला. टाळ्या झाल्या. मास्तर शाल अंगावर घेऊन उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मी जवळून गेले तेव्हा ऐकलं. "दहा सत्तेचाळीस," ते म्हणत होते. "दहा सत्तेचाळीस."

चूक कबूल केली असती तर त्यांना शिक्षा झाली असती, कदाचित मोठी. पण ती त्यांची असती. आमच्यामुळे झालं भलतंच. जे घडलंच नाही ते घडलं म्हणून नोंदवणारा माणूस फाटकावर ठेवायचा कसा, असा प्रश्न वर निघाला. त्यात गैर काही नव्हतं. मी त्या खुर्चीत असते तर मलाही हेच वाटलं असतं. डोक्याची तपासणी झाली. महिन्यांमागून महिने त्यांना बोलावून तेच ते विचारलं, आणि ते तेच ते सांगत राहिले. शेवटी आजोळी ठेवलेला मुलगा लहान, घर चालायला हवं, म्हणून त्यांनी लिहून दिलं की माझा गैरसमज झाला होता, फाटक उघडलेलं नव्हतं. त्यांना कामावर परत घेतलं, पण फाटकावर नाही. स्टेशनातल्या भांडारात सामान मोजायला. केबिनची किल्लीही काढून घेतली. वस्तीवरून त्यांचं सामान गेलं त्या दिवशी मी पुढे झाले नाही, शेवंतीच्या वाफ्यात पाठमोरी बसून राहिले. मला भीती होती ते वळून बघतील याची.

वर्षं गेली. फाटक बंद होऊन रुळांखालून बोगदा झाला. पावसाळ्यात त्यात कमरेइतकं पाणी साचतं आणि मग लोक म्हणतात, यापेक्षा फाटक बरं होतं. मागच्या वर्षी केबिन पाडली. जेसीबीनं सकाळी सुरुवात केली आणि दुपारपर्यंत संपलं. कडुनिंब तेवढा ठेवला. मी आणि मुलगी रस्त्यावर उभ्या राहून बघत होतो. ती आता नोकरीला लागलीय. तिला आयुष्यभर आम्ही तेच सांगत आलो होतो जे साहेबांना सांगितलं, कारण खोटं एकदा घरात आलं की ते घरातल्यांनाही सांगावं लागतं. केबिनचं छप्पर बसलं तेव्हा काय झालं कोण जाणे, मी तिला खरं सांगून टाकलं.

 ती म्हणाली, "त्यांना जाऊन सांग."

"त्यांना माहीतच आहे की."

"तू कबूल केलेलं माहीत नाही ना."

पत्ता शोधायला महिना गेला. इंदिरानगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात असं कळलं, तिसऱ्या मजल्यावर. मी डॉक्टरीणबाईंचा तो जुना कागद घेतला आणि एका कोऱ्या कागदावर माझ्या हातानं लिहिलं : त्या दिवशी फाटक उघडलं होतं, दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी, माझ्यासाठी. मी साहेबांपुढे खोटं बोलले. खाली सही. साक्षीदार म्हणून मुलीनं सही केली. आण्णा आणि सासूबाई आता नाहीत. यजमान म्हणाले, कशाला उकरता आता. पण गाडीत पेट्रोल त्यांनीच भरून दिलं.

मास्तर खूप बारीक झाले होते. खुर्चीत बसलेले, टीव्ही चालू, आवाज बंद. खांद्यावर फडकं नव्हतं. भिंतीवर घड्याळ होतं, ते वीस मिनिटं मागे होतं. सून म्हणाली, कुणी आलं की त्यांना बरं वाटतं, आणि चहा ठेवायला आत गेली. मी ओळख सांगितली. त्यांनी ओळखलं. "फुलवाल्या आण्णांची सून," म्हणाले, अगदी नीट. मी मुलीला पुढे केलं. "मास्तर, ही ती. तुम्ही फाटक उघडलंत म्हणून आहे." आणि मला रडू फुटलं. इतक्या वर्षांचं होतं ते.

त्यांनी माझा कागद घेतला, डोळ्यांजवळ धरून पूर्ण वाचला. मग दवाखान्याचा कागद वाचला. मला वाटलं आता विचारतील, तेव्हा का नाही बोललात? ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती. शिव्या घातल्या असत्या तर मी ओंजळीत घेतल्या असत्या.

"फाटक बंद होतं, सूनबाई," ते म्हणाले.

"नाही मास्तर. उघडलं होतं तुम्ही. बघा ना, ही अकरा पाचला झाली. मालगाडी अकरा आठची. तुमच्याच वहीत आहे."

त्यांनी कागदावरच्या वेळेवर बोट ठेवलं.

"घड्याळं चुकतात," ते म्हणाले. "सगळ्या गावानं सांगितलं, बंद होतं. साहेबांनी सांगितलं. डोक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी लिहूनसुद्धा दिलंय तसं. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?"

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, टोमणा नव्हता. एखाद्या अडाणी बाईला समजावून सांगावं तसं ते मला समजावत होते. तेव्हा मला कळलं आम्ही काय केलं ते. खोटी नोंद ज्याला सोसत नाही, त्याला दोनच वाटा असतात; नोंद बदलायची, नाहीतर आठवण. चौकशीतली ती नोंद आम्ही बदलू दिली नाही.

मुलगी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "आजोबा, पण मी आहे ना," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.  मग दोन्ही कागद नीट चौघडी करून माझ्या हातात परत दिले. "हे तुमच्याकडेच ठेवा, सूनबाई. खोटी नोंद घरात नको."

आम्ही चहा घेतला. निघताना ते उठून दारापर्यंत आले, तेव्हा मला वाटलं, आता ते उभे राहतील, आपल्या पाठीवर डोळे लागतील, वळणाआड जाईपर्यंत. मी मुलीला खुणेनं सांगितलं, हळू चल. पण पहिला जिना उतरायच्या आत मागे दार लागलं.